मधल्या पदाचा चैत्र

मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या व्हायला लागल्या की मला बीजगणित आठवतं. लोकांना मोगऱ्यानं लग्न आठवतं, देव्हारा आठवतो, गेलेलं तरुणपण आठवतं; मला 'अ अधिक ब, कंसाचा वर्ग' आठवतो. आमच्या इमारतीतल्या बायका यावर खूप हसतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईकडून याहून रसिक काही निघायचं नाही, असं त्यांचं मत पडलं आहे. पडू दे बापडं. त्यांना आमची वाडी ठाऊक नाही आणि नलूही ठाऊक नाही.

परवा शेजारची मुलगी परीक्षेच्या धास्तीनं रडवेली होऊन आली. कंसाचा वर्ग सोडवताना तिनं अ वर्ग लिहिला, अधिक ब वर्ग लिहिला, आणि सुटकेचा श्वास टाकला. हजारो मुलांनी ही चूक माझ्यासमोर केली आहे. पावसात छत्री विसरावी इतकी ती साधी चूक आहे. "अगं, मधलं पद कुठे गेलं?" मी म्हटलं, आणि माझा आवाज असा काही चिरकला की पोर घाबरून माझ्याकडे बघत राहिली. तिला गूळपोळी दिली, गणित नीट समजावलं आणि घरी पाठवलं. मग मात्र माझं कशातच लक्ष लागेना.

वसईजवळच्या गास गावाच्या बाजूला आमची वाडी होती. केळी, पानवेली, कडेनं नारळ आणि मोगऱ्याचे वाफे. फाल्गुन सरता सरता वाडीला दोन वास यायचे: सकाळी मोगऱ्याचा, आणि दुपारी मांडवावर वाळत घातलेल्या सुकेळ्यांचा. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, मग ती मधासारखी चिकट आणि तांबूस होतात; तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. शेजारच्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये उपवासाचा काळ चालू असे. संध्याकाळी त्यांची दुःखाची गाणी वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत, आणि नलू त्या चालीवर सूत्रं म्हणे. पाप लागेल म्हणून मी तिला चिमटा काढायची.

नलू म्हणजे माझी चुलत बहीण, तात्यांची मुलगी. तात्या माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच वर्षी जन्मलो आणि एकाच ताटात जेवून वाढलो. हायस्कूलला मुली पाठवायची आमच्याकडे रीत नव्हती, पण आजोबांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "पोरी दोघी हायत. दोघी मिळून जातील, दोघी मिळून येतील. एकटी असती तर मी नाय म्हनलो असतो." तेव्हा आमचं शिक्षण हे असं जोडीवर उभं होतं. मॅट्रिकच्या वर्षापर्यंत आम्ही त्या जोडीच्या जोरावर पोचलो. नलूला पुढे मास्तरीण व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते मला माहीत नव्हतं. नलूच्या बरोबर असायचं होतं, एवढं नक्की.

तिला भाषा अवघड जायची आणि मला बीजगणित. अक्षरांची बेरीज-वजाबाकी का करायची हेच मला उमगत नसे. माझी गाडी अवयव पाडायला आली की चिखलात रुतायची. शाळेतले डिमेलो मास्तर भले गृहस्थ, पण ते फळ्याशी बोलायचे. नलू माझ्याशी बोलायची. आमची वाडी होती चौरस, आणि बावखलाच्या काठच्या ओल्या मातीत काडीनं ती वाडी काढून तिनं मला पहिलं सूत्र शिकवलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. त्याच्यावर रहाट असतो आणि सगळी वाडी त्याच्या पाण्यावर जगते.

"हा बघ, केळीचा मोठा चौकोन. याची बाजू अ," ती म्हणाली. "न् हा पानवेलीचा धाकटा चौकोन, समोरच्या कोपऱ्यात. याची बाजू ब. आता सांग, आपली वाडी केवढी?"

"अ वर्ग न् ब वर्ग," मी म्हटलं.

"न् हे दोन कोपरे कोनाच्या बापाचे?"

मी मातीकडे पाहिलं. दोन चौकोनांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक लांबट पट्टा उरला होता. एका पट्ट्यात बावखल आणि रहाट. दुसऱ्यात आमचं घर, गोठा आणि रस्त्याला लागणारी गाडीवाट. दोन्ही पट्ट्यांची एक बाजू केळीला लागलेली, दुसरी पानवेलीला.

"दोन पट्टे. अ गुनिले ब, असे दोन. हे सोडलेस तर पानी खयसून येईल न् तू भात कुठे जेवशील?" नलू खो खो हसली. त्या दिवसापासून मी मधलं पद विसरले नाही.

मग तिनं एकेक करून सगळे साचे मला वाडीत दाखवले. मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यातून लहान चौकोन कापून टाकला तर उरलेल्या काटकोनी तुकड्याचे दोन भाग करून ते शेजारी शेजारी लावायचे: एक लांबट आयत होतो, बेरीज गुणिले वजाबाकी. हे वर्गांतर. केळीच्या पानाचा तुकडा फाडून तिनं ते माझ्या मांडीवर जुळवून दाखवलं होतं. तिचं म्हणणं असं की गणित सोडवायचं नसतंच मुळी, ओळखायचं असतं. गर्दीत आपलं माणूस पाठमोरं ओळखावं तसं.

आजोबा मॅट्रिकच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले, आणि थंडी पडता पडता घरात वाटणीची भाषा सुरू झाली. भांडण असं नव्हतं. जाणत्या लोकांनी सांगितलं, दोघे भाऊ हयात आणि गोडीत आहेत तोवर करून घ्या. पंच आले. काथ्याची दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या. केळीचा मोठा चौकोन तात्यांना, कारण त्यांचं कुटुंब मोठं. पानवेलीचा धाकटा बाबांना, कारण पानवेलीत कष्ट जास्त पण उत्पन्न बरं. बावखलाचा पट्टा आणि घराचा पट्टा सामाईक ठेवला. मग उरलंसुरलं वाटायला घेतलं. बैलगाडी तात्यांना दिली आणि बैलांची जोडी बाबांना. सगळ्यांना ही वाटणी अगदी रास्त वाटली, चहा झाला, पानं खाल्ली गेली. दोघा भावांचं बोलणं कधी बंद पडेल, हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आमच्याकडे गाडी एकाची आणि बैल दुसऱ्याचे असले तरी ती जुंपायला दोघे लागतात, यात विशेष काय, असंच सगळ्यांना वाटलं.

नलू ओटीच्या खांबाला टेकून हे ऐकत होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कुशे, पंचांनी दोन वर्ग बरोबर काढले. मधल्या पदाचं काय करायचं ते त्यांना ठावं नाय." मी तिला गप्प बस म्हटलं. मला ती गंमत वाटली होती.

माघात तात्यांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं आणि बावखलावर बसवलं. टुकटुक टुकटुक करत ते दिवसभर पाणी उपसायचं. बाबांचा रहाट बैलाच्या पावलानं चालायचा. त्यांची पाळी येईपर्यंत बावखलाचा तळ दिसू लागला. बाबा म्हणाले, पट्टा सामाईक आहे, इंजिन काढा. तात्या म्हणाले, पट्टा सामाईक आहे म्हणूनच बसवलं. दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथंच सगळं बिनसलं. पानवेली सुकायला लागल्या तसे शब्द वाढले. एका सकाळी बाबांनी दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध शेराची वई, म्हणजे चिकाच्या फांद्यांचं कुंपण, लावली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी ओटीवर मधोमध कुडाची भिंत घातली. ज्या ओटीवर मी आणि नलू पालथ्या पडून अभ्यास करायचो तिचे दोन तुकडे झाले आणि आम्हाला एकमेकींशी बोलायची बंदी झाली.

मला आजही सांगता येत नाही की त्या कुडाच्या पलीकडून नलूच्या बांगड्या वाजल्या की मला काय व्हायचं. परीक्षा तोंडावर होती. मी भाषेचे धडे मोठ्यानं वाचायची, मुद्दाम, तिला ऐकू जावेत म्हणून. ती सूत्रं म्हणायची, त्याच दुःखाच्या चालीवर. दोन्ही घरांना वाटत असेल पोरी काय मन लावून अभ्यास करतात.

मोगरा तोडायच्या वेळी सकाळी आम्ही वईच्या दोन बाजूंना यायचो. बायकामाणसं कळ्या तोडण्यात गढलेली असायची. तेवढ्या वेळात शेराच्या फांद्यांतून ती मला शिकवायची. शेवटचा साचा तिनं मला तसाच शिकवला, तोंड फिरवून, कळ्या तोडत तोडत. एखाद्या राशीत दोन टोकं चांगली वर्ग असतात, पण मधलं पदच नसतं. अशी रास फुटत नाही, असं सगळे म्हणतात आणि सोडून देतात.

"सोडायची नाय," नलू म्हणाली. "जे पद नाय ते आपन घालायचं. पूर्ण वर्ग झाला की तेवढंच पद लगेच वजा करायचं. कोनाचं नुकसान नाय. न् मग बघ, वर्गांतर होतं. दोन अवयव पडतात."

"पण नसलेलं पद घालायचं कुठून?"

"मनातून," ती म्हणाली. तेवढ्यात मोठ्या आईनं, म्हणजे तिच्या आईनं, हाक मारली आणि ती गेली.

परीक्षेचं केंद्र वसईला होतं. तिकडं राहायची सोय एका नातेवाइकांकडे ठरली होती, पण ती वाटणीच्या आधी, दोघींची मिळून. आता आमच्या गोठ्यात बैल उभे होते आणि तात्यांच्या खोपीत गाडी उभी होती. बाबा वाट बघत होते की तात्या बैल मागायला येतील. तात्या वाट बघत होते की बाबा गाडी मागायला येतील. एक शब्द पुरे होता. आईनं बाबांना विनवलं. बाबा म्हणाले, "मी धाकटा हाय, पन पानी माझं तोडलंय. तो येऊ दे." पलीकडे मोठी आईही असंच काही बोलत असणार, कारण कुडातून तात्यांचा आवाज आला: "माझी पोर त्याच्या दारात भीक मागायला जानार नाय."

शेवटी बाबा मला चालत घेऊन निघाले. उजाडत होतं. बाबा वईशी थांबले आणि पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "नलूला यायचं असंल तर येऊ दे आमच्यासंगं." बाबांच्या मानानं ते पुष्कळ होतं. नलू धुतलेलं पांढरं पातळ नेसून अंगणात उभी होती, वेणीत मोगरा, हातात दौत आणि टाक. तिनं वडिलांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "त्याच्या मागून चालत? माझी पोर?" आणि आत गेले. नलू जागची हलली नाही. आम्ही रस्त्याला लागलो. पहिला पेपर बुडाला की परीक्षाच बुडाली, हे तिला, मला आणि आमच्या दोन्ही बापांना माहीत होतं.

दोन पेपरांच्या मधे सुटीचा दिवस होता, तेव्हा मी घरी आले होते. बीजगणिताच्या पेपरासाठी पुन्हा निघाले त्या सकाळी ती वईशी आली. डोळे सुजलेले होते. मी काही बोलणार तोच म्हणाली, "घाई करू नको. दोन्ही टोकं बघून झाली की मधे बघ." बास. तिच्यासाठी ती परीक्षा संपून गेली होती आणि तरी ती माझ्यासाठी उठून आली होती. मी वसईपर्यंत रडत गेले. बाबांनी मला गप्प बस म्हटलं नाही.

त्या पेपरात एक गणित होतं: अ चा चौथा घात अधिक चार, अवयव पाडा. शेजारच्या बाकावरच्या मुलानं टाक खाली ठेवला. वर्गभर एक सुस्कारा पसरला. मी दोन्ही टोकं पाहिली. एकाचं वर्गमूळ अ वर्ग, दुसऱ्याचं दोन. मधे काहीच नाही. मी मनातून चार अ वर्ग आणला, घातला, वजा केला. रास दोन भागांत उघडली. मला आनंद झाला नाही. मला एवढंच वाटलं की हे गणित मला नाही, नलूला विचारलं आहे, आणि ती इथे नाही.

वैशाखात नलूचं लग्न झालं. मुलगा अर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवाल्यांचा, चांगला होता म्हणतात. आम्हाला बोलावणं नव्हतं. कुडाच्या अलीकडे बसून मी मंगलाष्टकं ऐकली आणि अक्षता म्हणून हातातल्या मोगऱ्याच्या कळ्या कुडावर टाकल्या. त्या सगळ्या आमच्याच बाजूला पडल्या. आई केरसुणी घेऊन आली, तिनं त्या पाहिल्या आणि केर न काढताच परत गेली.

निकाल लागला, मी पास झाले. पेढे वाटायची कुणाला इच्छा नव्हती. नंतर एकदाच ती मला दिसली, कार्तिकातल्या जत्रेत. दिवस गेलेले होते, चेहरा ओढलेला. बांगडीवाल्यापाशी दोघी शेजारी शेजारी बसलो, अनोळखी असल्यासारख्या, कारण तिच्या सासूबाई मागे उभ्या होत्या. ती हळूच म्हणाली, "पानवेली कशा हायत?" मी म्हटलं, "सुकल्या." तिनं मान हलवली. परीक्षेबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. बांगड्या भरून झाल्यावर माझा हात तिनं गर्दीच्या आडून घट्ट दाबला आणि उठली. तो दाब अजून माझ्या हातात आहे, असं मी म्हणणार नाही. हात म्हातारा झाला, दाब गेला. दुःख मात्र गेलं नाही.

बाळंतपणानंतर तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. फाल्गुनात एका सकाळी तिच्या सासरचा माणूस सायकलवरून आला. तो कूड आणि वई बघून गोंधळला, कुठल्या दारात सांगावं ते त्याला कळेना. मग तो गाडीवाटेत मधोमध उभा राहिला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नलूबाय गेली."

बाबांनी गोठ्यातून बैल सोडले आणि वईतून सरळ पलीकडे नेले. शेराच्या फांद्या मोडल्या, पांढरा चीक बैलांच्या पाठीवर सांडला. तात्यांनी गाडी ओढून बाहेर काढली होती. दोघा भावांनी एकेका बाजूनं जू उचललं. मोठी आई आणि आई मागे बसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून. मी पुढे तात्यांच्या शेजारी. बाबा बैलांबरोबर चालत होते. इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळी वाडी शांत होती.

किती तरी अंतर मागे पडलं. तात्या रडत नव्हते. कासरा हातात धरून ते बैलांच्या मानांकडे बघत होते. मग समोरच बघत त्यांनी मला विचारलं, "कुशे, त्या बीजगनिताच्या पेपरात कय इचारलं होतं गं?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. मग मी सांगायला लागले. सोपी गणितं सांगितली, वर्गांतराचं सांगितलं. मग शेवटचं सांगितलं, ज्यात मधलं पदच नव्हतं आणि जे बहुतेकांनी सोडून दिलं होतं. तात्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, पण एखाद्या रोग्याची हकीकत ऐकावी तसं लक्ष देऊन ते ऐकत होते.

"ते नलूना आलं असतं?"

"तिनंच मना शिकवलं होतं, तात्या. वईच्या पल्याड उभं राहून."

"मंजे आलं असतं."

"सगळं आलं असतं. पैकीच्या पैकी."

तात्यांनी हळूहळू मान हलवली. निकालाच्या दिवशी बाप हलवतो, तशी. "हुशार होती," ते म्हणाले, आणि बाबांना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस काय रे? नलू पास झाली." बाबांनी बैलाच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि ते तसेच चालत राहिले. पुढच्या वळणावर तिच्या सासरची वाडी दिसू लागली. अंगणात माणसं जमली होती, आणि आतून एक तान्हं मूल रडत होतं.